समाजमाध्यमांनी वृत्तप्रकाशकांना बातम्यांचे पैसे द्यावेत का?

संथवाचक (मूळ प्रश्न)

गेली काही वर्षे मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे आणि दर वेळी माझे मत थोडे सरकते. सुरुवातीला मला हा प्रश्न सरळ वाटत असे. बातमीदार दिवसभर न्यायालयात बसतो, कागदपत्रे मिळवतो, दोन्ही बाजूंशी बोलतो आणि संध्याकाळी बातमी देतो. ती बातमी फेसबुकवर किंवा एक्सवर हजारो लोकांपुढे जाते, तिच्यावर वाद रंगतात, आणि त्या वादाच्या आजूबाजूला दिसणाऱ्या जाहिरातींचे उत्पन्न बातमीदाराच्या संस्थेकडे न जाता मंचाकडे जाते. कष्ट एकाचे आणि उत्पन्न दुसऱ्याचे, असे हे चित्र असल्यामुळे मंचांनी प्रकाशकांना मोबदला दिलाच पाहिजे, असे मी ठामपणे म्हणत असे.

कॅनडात जे घडले त्याने माझा हा ठामपणा डळमळीत झाला. मोठ्या मंचांनी वृत्तसंस्थांना बातम्यांचा मोबदला द्यावा असे सांगणारा तिथला ऑनलाइन वृत्त कायदा २२ जून २०२३ रोजी संमत झाला आणि १ ऑगस्टपासून मेटा कंपनीने फेसबुक व इन्स्टाग्रामवर कॅनडातील लोकांना बातम्या दाखवणेच थांबवायला सुरुवात केली. त्याच ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, आणि घरदार सोडून निघालेल्या माणसांना आपल्याच भागातील वृत्तसंस्थांचे दुवे फेसबुकवर एकमेकांना देता येत नव्हते. लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून वेळ निभावली. पत्रकारितेला आधार द्यावा म्हणून केलेला कायदा, आणि गरजेच्या वेळी बातमीच माणसापर्यंत पोहोचेना, हे मला फार अस्वस्थ करणारे वाटले.

त्यामुळे आता माझ्यापुढे प्रश्न असा आहे की पैसे नेमके कशाचे मागायचे: दुव्याचे, दुव्यासोबत दिसणाऱ्या मथळ्याचे व दोन ओळींचे, की त्या बातमीवर चालणाऱ्या चर्चेचे? 'आम्हाला बातम्या नकोतच' असे मंचाने म्हटले, तर मोबदला मागण्याच्या हक्काला काय अर्थ उरतो? आणि पैसे मिळालेच, तर ते बातमीदारापर्यंत पोहोचतात की प्रकाशकाच्या ताळेबंदातच मुरतात? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा यातील कायद्याचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

---

माजी उपसंपादक

मी अकरा वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर काम केले आणि त्यातली शेवटची चार वर्षे ऑनलाइन आवृत्ती सांभाळली, म्हणून आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते.

फेसबुकवर दिसणारा आमच्या बातमीचा मथळा, छायाचित्र आणि खालच्या दोन ओळी मंचाने आमच्याकडून हिसकावून घेतलेल्या नव्हत्या. प्रत्येक बातमीच्या पानात 'ओपन ग्राफ' नावाच्या खुणा असतात. दुवा कुणी शेअर केला तर कोणता मथळा, कोणते चित्र आणि कोणते वर्णन दाखवायचे हे त्या खुणा सांगतात. ही पद्धत फेसबुकनेच २०१० मध्ये आणली हे खरे, परंतु त्या खुणा भरत होतो आम्हीच. चित्र अर्धवट दिसले किंवा मथळा मध्येच तुटला, तर आम्हीच घाईने दुरुस्ती करत असू, कारण वाचक तिकडून आमच्याकडे यावा ही आमचीच गरज होती. दिवसातून पंधरा-वीस दुवे आमच्या अधिकृत पानावरून आम्ही स्वतः टाकत होतो. त्यामुळे 'मंच आमचा मजकूर चोरतात' हे वाक्य मला प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही, आणि प्रकाशकांच्या संघटना जेव्हा हा शब्द वापरतात तेव्हा त्या आपलीच बाजू कमकुवत करतात असे मला वाटते.

तरीही मंचांनी पैसे द्यावेत, असेच माझे मत आहे. मात्र त्याचे कारण वेगळे आहे. वाचक कुठे आहे, त्याला काय दाखवायचे, त्याच्यापुढे कोणती जाहिरात ठेवायची आणि त्या जाहिरातीचा दर काय, हे सगळे ठरवण्याची सत्ता मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली आहे. अशा बाजारात प्रकाशकाला घासाघीस करण्याला जागाच उरत नाही. त्याला आपल्या वाचकांपर्यंत जाण्यासाठी ज्या दारातून जावे लागते, ते दार केव्हा उघडे आणि केव्हा बंद हे दुसराच कुणी ठरवतो. फेसबुकने २०१५ मध्ये 'इन्स्टंट आर्टिकल्स' आणून प्रकाशकांना आपला संपूर्ण मजकूर मंचाच्या आतच ठेवायला बोलावले. २०१६ मध्ये त्याच कंपनीला कबूल करावे लागले की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात याचा जाहिरातदारांना दिलेला आकडा वाढीव होता. जानेवारी २०१८ मध्ये आप्त-मित्रांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचे जाहीर झाले आणि प्रकाशकांच्या पोस्ट मागे ढकलल्या गेल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये इन्स्टंट आर्टिकल्स गुंडाळले गेले. यातला एकही निर्णय बेकायदा होता असे मी म्हणत नाही. पण अशा प्रत्येक वळणावर जगभरच्या वृत्तदालनांनी माणसे एका कामावरून दुसऱ्या कामावर हलवली, आणि माझा अनुभव असा आहे की हलवताना पहिला बळी फिरतीवरच्या बातमीदाराचा जातो. आमच्याकडे न्यायालयाचे काम पाहणारे सहकारी निवृत्त झाले तेव्हा ती जागा भरली गेली नाही. व्यवस्थापनाने त्या पगारात छोटे व्हिडिओ तयार करणारे दोघे घेतले, आणि वर्षभरातच ते दोघेही गेले. न्यायालयात बसणारे मात्र कुणीच उरले नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सर्वांत महाग पडणारी बातमी ही बहुधा सर्वांत कमी वाचली जाणारी असते. अर्थसंकल्पाच्या तरतुदी तपासणे, खटल्याच्या प्रत्येक तारखेला हजर राहणे, मिळालेले कागद खरे आहेत याची तीन-तीन ठिकाणी खातरजमा करणे, यात दिवसचे दिवस जातात आणि शेवटी तयार होते ती तीनशे शब्दांची, थोड्यांनी वाचलेली बातमी. तिच्यामुळे कुठेतरी एखादा गैरव्यवहार थांबतो, आणि त्याचा लाभ ती बातमी न वाचलेल्या माणसालाही होतो. हा लाभ क्लिकमध्ये मोजता येत नाही. म्हणूनच मोबदला क्लिकच्या हिशेबाने ठरला, तर त्याचा मोठा वाटा सनसनाटी मथळे लिहिणाऱ्यांकडे जाईल आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या बातमीदाराची जागा रिकामीच राहील. पैसे द्यायचे असतील, तर प्रत्यक्ष वार्तांकनासाठी नेमलेल्या माणसांची संख्या मोजून द्यावेत.

---

कलमवाचक

माजी उपसंपादकांनी चोरी या शब्दाविषयी जे लिहिले आहे, त्याला कायद्याच्या इतिहासातूनही आधार मिळतो. बातमीतील घटना ही कुणाची मालमत्ता नाही, हे तत्त्व जुने आहे. साहित्यिक व कलात्मक कृतींच्या संरक्षणासाठी झालेला जो बर्न करार, त्याच्या कलम २ च्या आठव्या उपकलमात स्पष्टच म्हटले आहे की करारातील संरक्षण दैनंदिन बातम्यांना लागू होणार नाही. बातमीची शब्दरचना लेखकाची असते, घडलेली गोष्ट सर्वांची असते.

या तत्त्वाला एक महत्त्वाचा अपवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये केला, आणि तो आजच्या वादाशी इतका जुळतो की थोडा विस्तार करतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्सने इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेला आपल्या तारयंत्रणेचा वापर करण्यास मनाई केली होती. त्या संस्थेने प्रतिस्पर्धी असोसिएटेड प्रेसच्या बातम्या फलकांवरून आणि पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या पहिल्या आवृत्त्यांवरून उचलल्या व तारेने आपल्या ग्राहकांना पुरवल्या; पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ मागे असल्यामुळे त्या बातम्या कधीकधी मूळ संस्थेच्या ग्राहकांइतक्याच लवकर छापल्या जात. न्यायालयाने म्हटले की घटनेवर मालकी नसली, तरी प्रतिस्पर्ध्याने श्रम व खर्च करून जमवलेली ताजी बातमी त्याच धंद्यासाठी वापरणे ही अनुचित स्पर्धा आहे. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. ज्ञान एकदा स्वेच्छेने प्रकट केले की ते हवेसारखे सर्वांना मोकळे असते, अशी त्यांची भूमिका होती. आज शंभरहून अधिक वर्षांनी दोन्ही बाजू तेच युक्तिवाद मांडत आहेत. फरक एवढाच की त्या खटल्यातील प्रतिवादी बातमी स्वतः उचलत होता, तर समाजमाध्यमांवर ती प्रकाशक किंवा वाचक आणून ठेवतो.

हा फरक युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातही उमटला आहे. त्यातील कलम १५ ने वृत्तप्रकाशकांना दोन वर्षांच्या मुदतीचा नवा हक्क दिला, पण दुवा देणे, सुटे शब्द किंवा अगदी लहान उतारे आणि वाचकाने व्यक्तिगत, अव्यावसायिक कारणासाठी केलेला वापर हे तिन्ही त्यातून वगळले. म्हणजे एखाद्या वाचकाने आपल्या भिंतीवर बातमीचा दुवा टाकला, तर त्यापोटी हा हक्क उभा राहत नाही. संथवाचकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच कलमात आहे: प्रकाशकाला मिळणाऱ्या उत्पन्नातला योग्य वाटा मूळ लेखकांना, म्हणजे बातमीदारांना मिळावा, अशी तरतूद सदस्य देशांनी करायची आहे. हे उपकलम सर्वांत शेवटी आहे आणि त्याची चर्चाही सर्वांत कमी होते, ही खेदाची गोष्ट आहे.

युरोपातील आधीचे दोन अनुभवही इथे नोंदवायला हवेत, जरी ते समाजमाध्यमांचे नसून गूगलचे आहेत. जर्मनीने २०१३ मध्ये प्रकाशकांना शोधनिकालांत दिसणाऱ्या उताऱ्यांवर हक्क दिला. तेव्हा गूगलने पैसे देण्याऐवजी परवानगी न देणाऱ्या प्रकाशकांचे उतारे दाखवणे थांबवले. ॲक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य समूहाने २०१४ मध्ये दोन आठवडे तग धरला. शोधातून येणारी वाचकसंख्या सुमारे ४० टक्क्यांनी आणि गूगल न्यूजवरून येणारी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्यावर त्याने फुकट परवानगी देऊन टाकली. पुढे २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदाच लागू करता येत नाही असे ठरवले, कारण त्याची पूर्वसूचना युरोपीय आयोगाला दिलेली नव्हती. स्पेनने जर्मनीच्या अनुभवातून धडा घेऊन २०१४ मध्ये असा कायदा केला की प्रकाशकाची इच्छा असली तरी त्याला हा मोबदला सोडता येणार नाही. परिणामी गूगलने त्या डिसेंबरमध्ये स्पेनमधील न्यूज सेवाच बंद केली, ती २०२२ च्या जूनपर्यंत, म्हणजे प्रत्येक प्रकाशकाला स्वतंत्र करार करण्याची मोकळीक देणारी दुरुस्ती होईपर्यंत, पुन्हा सुरू झाली नाही.

निघून जाण्याची मुभा ज्या पक्षाला आहे, त्याच्याशी केवळ मालमत्तेच्या हक्काच्या आधारावर वाटाघाट होऊ शकत नाही, असा माझा या सर्वांवरून निष्कर्ष आहे. फ्रान्सला जे थोडे यश मिळाले, ते स्पर्धा कायद्यामुळे मिळाले. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने गूगलला सद्भावनेने वाटाघाटी करण्याचा आदेश दिला आणि तो पाळला गेला नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये ५० कोटी युरो व मार्च २०२४ मध्ये आणखी २५ कोटी युरो दंड केला.

---

मोकळा दुवा

मला वरील दोन्ही प्रतिसादांतील माहिती मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. वृत्तपत्रांचे उत्पन्न घटले त्याचे मोठे कारण छोट्या जाहिराती गेल्या हे आहे. नोकरी, घर, वाहन, विवाह यांच्या जाहिरातींतून येणारा पैसा बातमीदारांचे पगार भागवत असे, आणि त्या जाहिराती गेल्या त्या बहुतांशी समाजमाध्यमांकडे गेल्या नाहीत; त्या स्वतंत्र संकेतस्थळांकडे गेल्या, कारण तिथे शोधणे सोपे व स्वस्त होते. एखादा व्यवसाय दुसऱ्यापेक्षा चांगली सोय देतो म्हणून त्याने पहिल्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व आपण इतर कुठेच मान्य करत नाही.

शिवाय दुवा हा जाळ्याचा प्राण आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जानेवारी २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियात मंचांकडून प्रकाशकांना मोबदला मिळवून देणारा कायदा विचाराधीन असताना, तिथल्या सिनेट समितीला कळवले होते की दुवा देण्यासाठी पैसे मोजायला लावणे हे वेबच्या मूलभूत तत्त्वाला बाधा आणणारे ठरू शकते. आज मोठ्या मंचाला हा नियम लागू झाला, तर उद्या एखाद्या लहान चर्चास्थळाला तो लागू होणार नाही याची हमी काय? फेसबुकने त्या वेळी सांगितले होते की २०२० मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातील प्रकाशकांकडे सुमारे ५.१ अब्ज वाचकभेटी फुकट पाठवल्या आणि त्यांचे मोल अंदाजे ४० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पत्रकारिता समाजाला हवी असेल, तर समाजाने वर्गणीतून किंवा करातून तिचा खर्च उचलावा. मी स्वतः दोन प्रकाशनांची वर्गणी भरतो आणि ते मला अधिक सरळ वाटते.

---

माजी उपसंपादक

छोट्या जाहिरातींविषयीचे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्याकडची ती पाने पातळ होत गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचा दोष समाजमाध्यमांवर ढकलणे अन्यायाचे होईल. दुव्यावर आकार (शुल्क) नको, हेही मला मान्य आहे.

पण तुम्ही दिलेल्या त्या आकड्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. ५.१ अब्ज भेटींचे मोल कंपनीने स्वतःच ठरवले आहे. आपण काय दिले याची किंमत देणाऱ्याने सांगायची, आणि त्याला काय मिळाले याचा हिशेब मात्र बाहेर कुणालाच पाहता येणार नाही, अशा स्थितीत कोणताही आकडा पुरावा म्हणून कसा मान्य करायचा? बातम्यांमुळे माणूस मंचावर किती वेळ थांबतो, बातमी वाचून झाल्यावर खाली काय पाहतो, त्या वेळात किती जाहिराती त्याच्यापुढे येतात, ही माहिती फक्त मंचाकडे असते. मेटा सांगते की तिच्या फीडमध्ये लोक जे पाहतात त्यात बातम्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी आहे. ते खरेही असेल, पण त्यात फक्त दुवे धरले आहेत की बातमीवरून झालेली चर्चा, तिची छायाचित्रे आणि तिच्यावर बोलणारे व्हिडिओही धरले आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. हा आग्रह मी प्रकाशकांच्या आकड्यांबाबतही तितकाच धरते. त्यांनी मागितलेल्या रकमाही फुगवलेल्या असतात. पैशांच्याही आधी स्वतंत्र तपासणीसाठी माहिती खुली होणे गरजेचे आहे.

वर्गणीचा मार्ग चांगला आहे आणि तुम्ही वर्गणी भरता याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वर्गणी भरणाऱ्याला जे वाचायचे असते ते छापले जाते. ज्यांच्याकडे वर्गणीला पैसे नाहीत त्यांच्या प्रश्नांवर माणूस नेमायला त्यातून निधी उभा राहणे कठीण असते, हे मी अनेक बैठकांत ऐकलेले आहे.

---

हिशेबनीस

ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांच्या कायद्यांची रचना नीट पाहिली, तर संथवाचकांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडते असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जी वाटाघाट संहिता केली, तिच्यातील सर्वांत कल्पक भाग लवादाचा होता. ठरावीक मुदतीत करार झाला नाही, तर दोन्ही पक्षांनी आपापला एकच अंतिम आकडा द्यायचा आणि लवादाने त्यातला एक जसाच्या तसा निवडायचा, मधला काढायचा नाही. त्यामुळे अवास्तव मागणी करणारा हमखास हरतो आणि दोघांनाही शहाणपणाचा आकडा द्यावा लागतो. मात्र संहिता एखाद्या कंपनीला तेव्हाच लागू होते, जेव्हा मंत्री त्या कंपनीचे नाव अधिकृतपणे निर्देशित करतात. फेसबुकने १८ फेब्रुवारीला त्या देशातील बातम्या बंद केल्या, त्यात हवामान खाते, आरोग्य विभाग आणि आपत्कालीन सेवांची पानेही काही काळ अडकली. आठवडाभरात सरकारने दुरुस्त्या मान्य केल्या, बातम्या परत आल्या आणि कंपन्यांनी स्वेच्छेने करार केले. सरकारी आढाव्यात असे तीसहून अधिक करार नोंदवले गेले. पुढे कुणाचेही नाव निर्देशित झाले नाही, त्यामुळे तो सुंदर लवाद एकदाही बसला नाही.

या करारांतून चांगलेही काही घडले. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एबीसीने, या पैशातून ग्रामीण व प्रादेशिक भागांत ५० हून अधिक पत्रकार नेमले. पण करारांतील रकमा गुप्त राहिल्या, आणि कुणाशी करार करायचा हे कंपनीनेच ठरवले. फेसबुकने एसबीएस या सार्वजनिक प्रसारकाशी आणि 'द कॉन्व्हर्सेशन' या संकेतस्थळाशी करार केलाच नाही. शेवटी १ मार्च २०२४ रोजी मेटाने जाहीर केले की मुदत संपल्यावर ती ऑस्ट्रेलियातील करारांचे नूतनीकरण करणार नाही. तीन वर्षांच्या कराराच्या भरवशावर नेमलेल्या पत्रकाराचे चौथ्या वर्षी काय होणार, हा प्रश्न करार करताना कुणी विचारला असेल असे वाटत नाही.

कॅनडात मेटा बाहेर पडली, पण गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारशी समझोता केला आणि महागाईनुसार वाढणारे वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर एका सामायिक निधीत देण्याचे मान्य केले. मला ही व्यवस्था ऑस्ट्रेलियापेक्षा पुष्कळ चांगली वाटते. रक्कम सर्वांना ठाऊक आहे, वाटप एका स्वतंत्र संस्थेमार्फत होते, सार्वजनिक प्रसारकाचा वाटा ७ टक्क्यांवर व इतर प्रसारकांचा ३० टक्क्यांवर मर्यादित आहे, बाकीचे सर्व छापील व डिजिटल वृत्तसंस्थांसाठी आहे, आणि वाटा ठरतो तो पत्रकारांच्या कामाच्या तासांवरून. माजी उपसंपादकांनी जी मागणी केली आहे, ती तिथे प्रत्यक्षात आलेली आहे.

तरीही मूळ दोष शिल्लक राहतो. देणे हे बातमी दाखवण्याशी बांधलेले असले, की बातमी दाखवणे बंद करून देण्यातून मोकळे होता येते. ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलिया सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या प्रस्तावात दिसतो. त्यानुसार देशात २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या मोठ्या मंचांवर, ते बातम्या दाखवोत अथवा न दाखवोत, आकार बसवायचा, आणि ज्या मंचांनी प्रकाशकांशी करार केले असतील त्यांना त्या रकमेची वजावट द्यायची. बातम्या काढून टाकल्या तरी देणे चुकत नसल्यामुळे, काढून टाकण्याचे आमिषच नाहीसे होते. यलोनाइफसारख्या प्रसंगाला कायदाच कारण ठरू नये अशी इच्छा असेल, तर रचना याच दिशेची हवी. मोकळा दुवा यांची भीतीही त्यातून बरीचशी दूर होते, कारण आकार दुव्यावर नसून मोठ्या उत्पन्नाच्या मंचांवर आहे आणि लहान चर्चास्थळ त्या मर्यादेच्या जवळपासही येत नाही.

माझी भीती वेगळी आहे. असा निधी सरकारच्या हातून वाटला जाऊ लागला, तर सरकारला न आवडणाऱ्या वृत्तसंस्थेचा वाटा कधीतरी अडेल. म्हणून पात्रतेचे निकष कायद्यातच लिहिलेले असावेत, कुणाला किती मिळाले ते दरवर्षी प्रसिद्ध व्हावे आणि वाटप करणाऱ्या मंडळावरील नेमणुका मंत्र्यांच्या मर्जीवर नसाव्यात. या तीन गोष्टींवाचून मी या आकाराला पाठिंबा देणार नाही.

---

संथवाचक

सर्वांचे मनापासून आभार. मी 'बातमीची किंमत' या कल्पनेत अडकलो होतो, हे आता लक्षात आले. दुवा मोकळा राहावा, आकार जाहिरातीच्या सत्तेवर बसावा आणि वाटप पत्रकारांच्या संख्येवरून व्हावे, इथपर्यंत मी आलो आहे. मोकळा दुवा यांचे म्हणणे मला अजून पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही, कारण एका उद्योगावरचा आकार दुसऱ्या उद्योगाला बांधून देणे ही सवय लागली तर ती कुठे थांबेल, हे मला दिसत नाही.

एक शंका मात्र हिशेबनीस यांच्या मांडणीतूनच निर्माण झाली आहे. पत्रकारांची संख्या मोजायची, तर एकट्याने वार्तापत्र चालवणाऱ्या माणसाचे काय? अनेक ठिकाणी वृत्तपत्र बंद पडल्यावर एखादा जुना बातमीदार स्वतःच बैठकांना जातो, स्वतःच लिहितो आणि समाजमाध्यमावरच आपल्या बातम्या देतो. मंच बंद झाला तर सर्वांत आधी त्याचाच वाचक तुटतो. त्याला या रचनेत स्थान आहे का?

---

हिशेबनीस

सध्याच्या कायद्यांत बहुधा नाही. कॅनडातील सर्वसाधारण पात्रतेसाठी किमान दोन पत्रकार लागतात. त्यांत मालक स्वतः पत्रकार असेल तर तो धरला जातो, पण दुसरा कुणीतरी हवाच. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या संहितेत वार्षिक उत्पन्न दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा अधिक असण्याची अट होती. दोन्ही अटींमागे खोटे अर्जदार दूर ठेवण्याचा हेतू आहे आणि तो चुकीचा नाही, पण तुम्ही वर्णन केलेला माणूस दोन्ही ठिकाणी बाहेरच राहतो.

---

माजी उपसंपादक

ही अट मला मान्य नाही, आणि त्यावर उपायही अवघड नाही. खरा बातमीदार कोण हे माणसे मोजून ठरवण्याऐवजी काम पाहून ठरवता येते: वर्षभरात त्याने किती बैठकांना, किती सुनावण्यांना हजर राहून मूळ वार्तांकन केले, चूक झाल्यावर खुलासा छापला का, आणि बातमीखाली आपले नाव व संपर्क दिला का. आमच्याकडे बाहेरगावच्या वार्ताहराचे मानधन आम्ही असेच, छापून आलेल्या कामाची कात्रणे लावून ठरवत होतो. निधीतला एक लहान भाग अशा एकट्या माणसांसाठी वेगळा काढला आणि त्याचे अर्ज निवृत्त संपादकांच्या समितीने तपासले, तर खोटे अर्जदार ओळखायला त्यांना वेळ लागणार नाही. त्या समितीत बसायला मी विनामोबदला तयार आहे.